डावीकडचा काठ

आई,

उद्याची शर्यत होणार आहे, आणि तिचा पोहण्याचा टप्पाही होणार आहे. शर्यतीच्या प्रमुखांनी आज दुपारी पणजीच्या किनाऱ्यावर आम्हा सगळ्या स्पर्धकांना गोळा करून तसं सांगितलं. दोन दिवस वारा होता, पाणी उसळत होतं, पोहणं रद्द करून नुसती सायकल आणि धावणं ठेवतील अशी कुजबुज चालली होती. सकाळी जीवरक्षकांची होडी खुणेच्या तरंगत्या बोयांपर्यंत जाऊन आली आणि पाणी बरं आहे असं त्यांनी कळवलं. बदल एकच केलाय. गेल्या वर्षी पाण्यात शिरल्यावर उजवीकडे, नदीच्या मुखाकडे वळायचं होतं. तिथे वाळू सरकून आली आहे, म्हणून यंदा डावीकडे वळायचं. लोकांनी फळ्यावरच्या नकाशाचे फोटो काढले, मीही काढला. बाकीचे निघून गेल्यावरही मी त्या फळ्यासमोर उभी होते. बातमी हातात आली की तिचा अर्थ आधी लागतो आणि धक्का नंतर बसतो, असं इतकी वर्षं पेपरात काम करून मला वाटायचं. आज उलटं झालं.

तुला हे सगळं मुळापासून सांगायला हवं, कारण तू गेलीस तेव्हा यातलं काहीच नव्हतं. या शर्यतीत आधी समुद्रात पोहायचं, मग ओल्या अंगानेच सायकलवर बसायचं आणि सायकल ठेवली की धावायला लागायचं. मध्ये विसावा नाही. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा आहे, ती चुकली की पुढच्या टप्प्यावर सोडत नाहीत. माझ्यासारखी, पन्नाशी उलटलेली, नोकरीधंदा करून हे करणारी बरीच माणसं असतात. डॉक्टर असतात, बँकेतले असतात, एक तर देवळातले भटजी आहेत, ते शेंडी टोपीत कोंबून पोहतात. आम्ही कुणीच जिंकायला आलेलो नसतो. हे सगळं ऐकून तू काय विचारलं असतंस ते मला ठाऊक आहे. चुलीपुढून मान न वळवता म्हणाली असतीस, "आनि ही माणसां काम कधी करतत?"

काम करून उरलेल्या वेळात करतात, आई. माझी सुरुवात तुझ्या जावयांच्या सायकलीने झाली. त्यांनी ती स्वतःसाठी घेतली, चार दिवस चालवली, पाठ धरली आणि ती डिचोलीच्या घराच्या पडवीत कपडे वाळत घालायच्या कामी आली. एका पहाटे मी त्यावरचे कपडे काढून ती बाहेर नेली. मुळगावच्या रस्त्याने, खाणीच्या जुन्या तांबड्या डोंगराच्या कडेने, धूळ बसलेल्या काजूंच्या खालून. तेव्हापासून आठवड्यातून तीन पहाटे मी त्या रस्त्यावर असते. त्या वेळी रस्त्यावर दुसरी सायकल एकच, पाव विकणाऱ्या पोदेराची. मागे पावांचा पांटला बांधून, भोंपू वाजवत तो समोरून येतो. पहिले काही महिने तो नुसता बघून जायचा. मग एकदा चढावर माझ्या बरोबरीने आला, माझी सायकल पुढून मागून न्याहाळली आणि म्हणाला, "बाय, इतकी म्हारग सायकल, आनी फाटल्यान पांटलो ना?" महाग सायकल घेतली आणि मागे टोपलं नाही, म्हणजे ही बाई पहाटे जाते तरी कुठे, हा त्याचा खरा प्रश्न होता. मी आमोण्याच्या पुलापर्यंत जाऊन परत येते म्हटल्यावर त्याने विचारलं, तिथे कोण आहे. कोणी नाही म्हटलं तर त्याला ते पटलं नाही. अजूनही भेटला की विचारतो, मेळ्ळो? भेटला का?

आमोण्याच्या पुलावर मी थोडी थांबते, हे खरं. तिथून मांडवी दिसते आणि पाणी वर चाललंय की खाली ते बघितल्याशिवाय मला सायकल फिरवता येत नाही. ती तुझी सवय. ती नदी आपली नव्हे. आपली हळर्णची. पण पाणी तसंच वागतं.

पोहण्यासाठी मी तरणतलावात जायला लागले, तिथे मला शिकवणारी भेटली. दोडामार्गच्या बाजूची मुलगी, एका शाळेत खेळ शिकवते, पूर्वी मोठ्या स्पर्धांत पोहलेली. पहिल्या दिवशी तिने मला दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि काठावर उकिडवी बसून माझे पाय बघत राहिली. मग विचारलं, "ताई, तुमका पवाक कोणी शिकवल्यान?" आईने, म्हटलं. "आई खंय शिकली?" नदीत. तिने मान हलवली, जणू डॉक्टरला दुखण्याचं मूळ सापडावं. माझे हात बरे होते, दम चांगला होता, पाय मात्र खाली लोंबत होते आणि श्वास मी फक्त डावीकडे घ्यायचे. तिने पाय सुधारले, डोकं पाण्यात घालायला लावलं. श्वास काही तिला सुधारता आला नाही. दोन्ही बाजूंना श्वास घेता आला पाहिजे, नाहीतर समुद्रात अर्धी बाजू आंधळी राहते, असं तिने परोपरीने सांगितलं. मी प्रयत्न केला. उजवीकडे मान वळवली की माझ्या नाकातोंडात पाणी जायचं. मान आखडते गो, असं मी तिला सांगितलं आणि तिने ते मानलं.

आता ते दिवस सांगते, म्हणजे तुला माहीत असलेलेच, पण मला ते तुझ्याशी बोलायचे आहेत. मी आठेक वर्षांची आहे. खाजणाच्या बांधाच्या खालच्या टोकाला, खारं पाणी आत घेणाऱ्या आणि सोडणाऱ्या लाकडी दारापाशी, म्हणजे आपल्या मानशीपाशी, तू मला उभी केली आहेस. दोन सुके असोले नारळ सुंभाने जोडून तू माझ्या पोटाखाली बांधतेस. गाठ दोनदा ओढून बघतेस. तुझा कासोटा मारलेला आहे, काखेत गवताचा भारा बांधायची दोरी आणि हातात कोयता, कारण मला शिकवणं हे तुझ्या जाता जाता करायच्या कामांपैकी एक आहे. आणि वेळ नेहमी भरतीची. सुकतीला, म्हणजे ओहोटी लागल्यावर, तू मला पायसुद्धा भिजवू देत नसस. शिकणाऱ्याने भरतीलाच पाण्यात शिरायचं, हा तुझा नियम होता आणि त्याचं कारण तू एका ओळीत सांगायचीस. "भरती घराक हाडता, सुकती दर्याक व्हरता." त्या पाण्यावर मी मानशीपासून वर, आपल्या घराखालच्या पायऱ्यांपर्यंत जायचं. दमले, हात थांबले, तरी पाणी घराकडेच नेणार.

मी हात मारायला लागले की तू बांधावरून चालायला लागायचीस. माझ्याच वेगाने, म्हणजे फारच सावकाश, मध्येच वाकून गवताची मूठ कापून भाऱ्यात टाकत. बांध माझ्या डाव्या हाताला. तोंड वर काढलं की तुझ्या पोटऱ्या दिसायच्या, लुगड्याचा भिजलेला काठ, कोयता, आणि पुन्हा पाणी. पुन्हा तोंड वर काढलं की तू थोडी पुढे. कधी एखादी हाक मारून, पाय हलव, एवढंच सांगायचीस. मी बुडते असं ओरडले तर तू म्हणायचीस, बुडणारं माणूस बोलत नाही. पायऱ्यांशी पोचलो की मी वर चढायचे, मग तू मला परत मानशीपाशी चालवत न्यायचीस आणि पुन्हा त्याच पाण्यावर सोडायचीस. परतीला पोहणं नव्हतंच. त्यामुळे मी जितकी वर्षं शिकले तितकी वर्षं काठ माझ्या डावीकडेच राहिला.

एका दिवशी अर्ध्या वाटेत तू बांधावर बसलीस, मला जवळ बोलावलंस आणि कोयत्याने सुंभ कापलंस. नारळ सुटून पुढे निघून गेले आणि मी तशीच हात मारत राहिले. मला वाटलं होतं की तू काही म्हणशील. तू उठलीस आणि चालायला लागलीस, नेहमीसारखी. ते नारळ पुढे पायऱ्यांशी येऊन लागले होते. संध्याकाळी स्वयंपाकघरात तू ते सोलून फोडलेस. आतलं खोबरं सुटून गोट्यासारखं झालं होतं. ते किसून गुळात घोळवून तू सगळ्यांच्या हातावर ठेवलंस. पोराला पोहायला शिकवलेले नारळ घरात तसेच ठेवायचे नाहीत, खाऊन संपवायचे, म्हणजे त्यांची आठवण पोटात राहते, हे तू दादाला सांगत होतीस. माझ्या हातावर जरा जास्त ठेवलंस. किंचित खारट लागत होतं ते. शर्यतीत खायला मिळणाऱ्या गोड चिकट पुड्या मला पचत नाहीत, त्यांची चव लागली की मला नेहमी ते खोबरं आठवतं आणि मग मी माझ्या बाटलीतली पेजेची निवळ पिते, मीठ घातलेली. शिकवणारी बाटलीचा वास घेते आणि म्हणते, ताई, तुमच्यासोबत शर्यतीत आख्खं घर येतं.

मग पल्याड जाण्याची गोष्ट. आपलं वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी भाताचं शेत नदीच्या पलीकडे होतं आणि होडीवाला आपल्या मर्जीने यायचा. तो नसला की तू अ‍ॅल्युमिनियमच्या टोपात कोरडं लुगडं, भाकरी आणि कोयता ठेवून तो टोप पुढे ढकलत पोहत जायचीस. त्या आधी पाण्याच्या कडेला उभी राहून नारळाच्या सालीचा एक तुकडा, सोडण, पाण्यात टाकायचीस. ते कुठे जातं, किती वेगाने जातं ते बघायचीस. सुकती असेल तर पल्याडच्या काठावर, प्रवाहाच्या वरच्या अंगाच्या काजऱ्याच्या झाडाकडे तोंड करायचं, म्हणजे आपण बरोबर खाली आंब्यापाशी लागतो. मला पहिल्यांदा सोबत नेलंस तेव्हा तू हे सांगितलं होतंस, पण मी बारा वर्षांची होते आणि मला आंबा दिसत होता. मी आंब्याकडेच पोहत राहिले. पाण्याने मला खाली, पार वळणाजवळच्या कांदळांत नेऊन टाकलं. गुडघाभर चिखल. तू काठाकाठाने चालत आलीस आणि चिखलाच्या कडेला उभी राहिलीस. हात पुढे केला नाहीस. मी रडत, मुळांना धरत, आपली आपण बाहेर येईपर्यंत तू थांबलीस. मग म्हणालीस, "आंबो खंय पळान जायत नाय हुतो. त्येकाच कित्याक बघी हुतंस? वयर बघ. पाणी तुका आपसूक खाली हाडता." आणि शेताकडे जाताना, पुढे चालत, मागे न बघता आणखी एक. पाण्याला विचारल्याशिवाय पुन्हा आत शिरायचं नाही. त्या दिवशी मला तुझा फार राग आला होता. आता वाटतं, तो हात पुढे आला असता तर मी आजवर कांदळातच राहिले असते.

नंतर पूल झाला आणि पोहणं संपलं, कुणी बंद न करता. मी पणजीला पेपरात लागले. संपादकीय टेबलावर नव्या माणसाला पहिलं काम मिळतं ते आतल्या पानावरच्या छोट्या चौकटींचं. सूर्योदय, सूर्यास्त, भरती, ओहोटी. बाकीच्यांना ते काम नकोसं वाटायचं. मी ते पुढे वरच्या पदावर गेल्यावरही सोडलं नाही. तू गेलीस तेव्हा मी पोचले नाही, वाटेत होते. दादाने अंगणातच सांगितलं, सुकती लागली आणि आई गेली. आपल्याकडे असंच म्हणतात, जीव सुकतीबरोबर जातो. दिवसकार्य झाल्यावर मी कामावर परतले आणि त्या तारखेचा अंक काढून ती चौकट बघितली. मीच लावली होती ती, आदल्या संध्याकाळी. तुझ्या वेळेला भरती होती, घराकडे नेणारी. आयुष्यभर मी लोकांच्या बातम्यांतल्या वेळा दुरुस्त केल्या आहेत. ही मी दुरुस्त केली नाही. दादा अजून सुकती म्हणतो. मी मान हलवते आणि मला आतून बरं वाटतं.

आता गेल्या वर्षीची शर्यत. मी वर्षभर तयारी केली होती. आठवड्यातून दोनदा तलाव, एकदा मोरजीला समुद्र, तीन पहाटे सायकल. सायकलवरून उतरल्या उतरल्या धावण्याचाही सराव करावा लागतो, कारण तेव्हा पाय आपले नसतात, दिवसभर लावणी करून बांधावर चढल्यावर होतात तसे दुसऱ्याचे असतात. हे सगळं मी केलं. शर्यतीच्या सकाळी शिट्टी झाली, आम्ही घोळक्याने पाण्यात शिरलो, पहिल्या बोयाला उजवीकडे वळलो. भरती चालू होती, ती वेळ मला तोंडपाठ होती. आणि माझ्या अंगाने आपला हिशेब केला. भरती म्हणजे पाणी मला किनाऱ्याकडे ढकलणार, म्हणजे तोंड बाहेर, खोल समुद्राकडे ठेवायचं, आणि बोयाकडे बघायचं नाही. मी तोंड बाहेर ठेवलं आणि मनापासून हात मारले. तिथे त्या वेळी पाणी कुठेच ढकलत नव्हतं. मी सोडण टाकून बघितलं नव्हतं. किनारा उजवीकडे होता आणि मी डावीकडे श्वास घेत होते, तेव्हा दर श्वासाला मला दिसत होता नुसता समुद्र. तोंड वर, पाणी. तोंड वर, पाणी. डावीकडे कोणी नाही. सगळे कुठे गेले असं मनात येत होतं तोच शिट्टी ऐकू आली आणि छोट्या होडीतला एक स्वयंसेवक माझ्याजवळ आला. "मावशे, खंय चल्ल्यात?" त्याने विचारलं. "अरबस्तानांत?"

त्याच्या होडीला धरून मी रांगेत परत आले आणि पुढचं सगळं पोहले, पण वेळ संपला होता. किनाऱ्याला लागताना एका भल्या मुलीने मला दंडाला धरून बाहेर घेतलं, पायातली वेळ मोजणारी पट्टी सोडवून घेतली आणि टॉवेल दिला. सायकली लावल्या होत्या तिथे गेले तर सगळी रांग रिकामी. माझी एकटी उभी होती, पुढच्या दांडीला पेजेची बाटली लावलेली. मी खाली बसून ती बाटली संपवली. तुझे जावई कुंपणापलीकडून बघत होते. घरी आल्यावर उंबऱ्याशी ते म्हणाले, "निवळ चांगली झाली होती काय?" तेव्हा मी हसले आणि मग रडले.

शिकवणारीने सगळं ऐकून घेतलं, नकाशावर मी कुठे कशी गेले ते बोटाने दाखवायला लावलं आणि म्हणाली, "ताई, तुमी दर्यात नदी शोधतास." तिचं बरोबर आहे. समुद्रात दर थोड्या वेळाने डोकं उचलून बोयाकडेच बघायचं असतं, तू जे करू नको म्हणालीस नेमकं तेच. वर्षभर मी ते शिकले. पण मध्ये उजवा खांदा दुखू लागला. डॉक्टरांनी आतला स्नायू झिजल्याचं दाखवलं आणि सांगितलं की हा हंगाम पार पडेल, त्यानंतर समुद्रातलं लांब पोहणं बंद. सायकल चालवा, धावा हवं तर. म्हणजे उद्याचं पोहणं शेवटचं. सायकल आणि धावणं मला जमेल की नाही याची मला काळजी नाही, खरंच नाही. मला त्या पाण्यातून वेळेत, आपल्या पायांनी बाहेर यायचं आहे. गेल्या वर्षी मला बाहेर काढलं. तू मला कधी बाहेर काढलं नव्हतंस.

गेल्या महिन्यात आम्ही हळर्णला गेलो होतो. दादाला सांगितलं, मला मानशीपासून घराच्या पायऱ्यांपर्यंत पोहायचं आहे. दादा म्हणाला की नदीत आता कोणी म्हशीसुद्धा सोडत नाही, आणि या वयात लोक काय म्हणतील. वहिनी म्हणाली, लोक पुलावर मासे गरवतात, त्यांना गळावरून नजर काढायला वेळ नाही. तुझ्या जावयांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "तू पोह," म्हणाले, "मी बांधावरून येतो." भरती लागायची वाट बघत आम्ही मानशीपाशी उभे राहिलो. दार कधीच कुजून गेलंय, नुसते दगडी खांब उरलेत. मी सोडण टाकलं. ते जरा घुटमळलं आणि वर निघालं.

आई, पाणी तसंच आहे. जरा गढूळ, जरा उथळ, पण हात तसाच घेतं. मी डावीकडे तोंड काढलं आणि बांधावर निळा शर्ट दिसला. पुन्हा काढलं, निळा शर्ट आणि हातात छत्री. एकदा ते फोनवर कोणाला तरी सांगत होते की मी कामात आहे. एकदा घसरून बसलेले दिसले. मग निम्म्या वाटेवर, तू सुंभ कापलंस त्याच्या आसपास, बांध फुटलेला निघाला. मध्ये पाणी आणि कांदळं. ते तिथे थांबले, छत्री उंच करून हलवली, पुढे जा अशी खूण केली. मी पुढे गेले. मान डावीकडे वळत राहिली. कांदळ, पाणी, कांदळ, पाणी. तिथे कोणी नाही हे मला माहीत होतं आणि दर श्वासाला ते मला नव्याने कळत होतं. पायऱ्या आल्या तेव्हा भरतीनेच मला त्यांना लावलं. मी दुसऱ्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. ते रस्त्याने वळसा घालून, चिखलाने माखून आले, बाजूला बसले, आणि म्हणाले, बांध बांधून घ्यायला हवा. तो बांध आता कोणी बांधणार नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

म्हणून आज दुपारी त्या फळ्यासमोर माझा पाय निघेना. डावीकडे वळायचं, म्हणजे पहिल्या बोयापासून शेवटच्या बोयापर्यंत किनारा माझ्या डाव्या हाताला असणार. शिकवणारीला मी तिथूनच फोन केला. ती खूश झाली, म्हणाली, बरं झालं ताई, तुमच्या मानेला सोयीचं. हे पत्र मी आता पडवीत बसून लिहिते आहे, ऊन अजून अंगणात आहे. ते कुठे टाकायचं नाही, पण बातमी लिहून झाल्याशिवाय मला उठता येत नाही. सायकल दुपारीच किनाऱ्यावर ठेवून आले. निवळीसाठी तांदूळ निवडून झालेत.

उद्या सूर्य उगवताना पहिली शिट्टी होईल, आमची तुकडी त्यानंतर थोड्या वेळाने सोडतील. भरती असेल, उद्याच्या अंकासाठी लावलेली ती चौकट मी बघून घेतली. तरी मी खिशातून एक सोडण नेणार आहे आणि कोणी हसलं तरी ते टाकून बघणार आहे. मग पहिला बोया, डावं वळण, आणि काठ. तुझे जावई वाळूवरून माझ्या बरोबरीने चालत येणार आहेत, छत्री घेऊन, म्हणजे गर्दीत ओळखू येतील. माझी मान आखडत नाही, आई. कधीच आखडत नव्हती. उद्या मी तोंड वर काढीन, त्या छत्रीकडे बघेन, आणि मग, तू शिकवलंस तसं, तिच्या जरा वरच्या अंगाला बघेन.